वीस पावलांवरून

शेषेरावांनी शाळेचं तोंड चार वर्षं पाहिलं आणि बैलांची तोंडं साठ वर्षं. त्यामुळे पहिल्या विषयावर ते कधी बोलत नसत आणि दुसऱ्या विषयावर त्यांना कुणी अडवत नसे. लोहा, कंधार, मुदखेड, पार देवणीपर्यंत कुणाला लाल कंधारी वळू घ्यायचा असला, की आधी शेषेरावांना गाडीत घालून न्यायचे. ते जनावरापासून वीस पावलं मोजून मागं जायचे, टोपी जराशी वर सरकवायचे आणि नुसतं बघत उभे राहायचे. मग "घे" नाहीतर "नको". तिसरा शब्द काढायला चहा पाजावा लागे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण शेषेरावांच्या मते ते डोंगराचं झालं. बैल जवळून साजरा दिसतो. अंगावर हात फिरवला, कातडीची ऊब लागली, की माणूस भुलतं. खोट बघायची तर लांब जावं लागतं.

अशा माणसानं पोळ्यानंतर बैलांबद्दल बोलणंच सोडलं होतं. कुणी विचारायला आलं की म्हणायचे, "माझी नजर गेली आता, दुसऱ्याला इचारा." आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. उज्वलाला हे बघवत नसे.

उज्वला त्यांची एकुलती लेक, गावातल्या गावात दिलेली. सासर तीन गल्ल्या पलीकडे. आई गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन ती माहेरी यायची आणि नवरा शिवशंकर हळदीच्या रानात असेपर्यंत आबांपाशी बसायची. लग्नाआधी लातूरला हरिओमच्या अल्बमच्या दुकानात तिनं दोन वर्षं काम केलं होतं. तिथंच हातात कॅमेरा आला तो सुटला नाही. जुनाच कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली एकच लेन्स. त्यावर ती लग्नं करी, बारशी करी, पुढारी होऊ घातलेल्या पोरांचे वाढदिवसाच्या बॅनरचे फोटो काढी. आणि तीनेक वर्षांपासून जनावरांचेही. हल्ली विकायचं जनावर आधी मोबाईलच्या ग्रुपवर जातं आणि मग बाजारात. उज्वलासमोर जनावर शांत उभं राहतं, असं लोक म्हणत. खरं म्हणजे ती घाई करत नसे, एवढंच.

पोळ्यानंतर घडलं ते असं. देवणीकडच्या गुंडप्पाला लाल कंधारी वळू हवा होता. घरची देवणी जनावरं सोडून ह्याला आमच्याकडचं लाल कशाला हवं होतं, ते त्याचं तो जाणे. शेजारच्या गावातल्या माणिकप्पाकडे चार दाती, ऐन उमेदीतला गोऱ्हा होता. शेषेरावांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यांना जाता येईना. गुंडप्पा फोनवर म्हणाला, "मामा, फोटो बघून सांगा. तुम्ही घे म्हणाला की मी टेम्पो घेऊनच निघतो." म्हणून उज्वला कॅमेरा घेऊन गेली.

माणिकप्पा गोऱ्ह्याला गोठ्याबाहेर काढायला तयार होईना. "पोरी, चार माणसांत उभा केला अन् दिष्ट लागली म्हंजे? आतच काढ." गोठा अरुंद. उज्वलाची पाठ भिंतीला टेकलेली, समोर दोन हातांवर गोऱ्हा. सबंध जनावर फोटोत मावावं म्हणून तिनं लेन्स होती तेवढी रुंद केली आणि खांद्यापाशी उभं राहून फोटो काढला. फोटो झकास आला. वशिंड फोटोतून बाहेर येईल की काय असं वाटत होतं. तिनं तो मोठ्या कागदावर छापून आबांना दिला. आबांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मागं जरा हलका वाटतो, पण असला खांदा असल्यावर चालतंय. घे म्हण त्याला."

गुंडप्पा दीडशे किलोमीटर टेम्पो घेऊन आला. गोऱ्हा बघितला. टेम्पोचं फळकंसुद्धा खाली पाडलं नाही. तिथूनच त्यानं शेषेरावांना फोन केला. तो भांडला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, वय झालं तुमचं. नजर दमली असंल. ऱ्हाऊ द्या आता." भांडला असता तर बरं झालं असतं. शेषेराव भांडणाला पुरून उरले असते, पण कीव करणाऱ्याशी भांडता येत नाही.

उज्वला त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. शेषेराव बाहेर येऊन म्हणाले, "त्याला भिंतीवरची अक्षरं ठाऊक. बैल कुठं ठाऊक हाय?"

आता कार्तिक लागला होता. माळेगावच्या यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात पंच म्हणून बसायला शेषेरावांना बोलावणं आलं होतं, दरसालसारखं. पत्र आरशामागं खोचून ठेवलेलं होतं आणि उत्तर आठ दिवसांत द्यायचं होतं. "न्हाई जमणार म्हणून लिहून दे," असं त्यांनी उज्वलाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती "हाव" म्हणाली आणि काही लिहिलं नाही. एकदा का हे "नाही" कागदावर गेलं, की आबांचं मनही तिथंच संपणार, हे तिला कळत होतं.

त्याच सुमारास लातूरहून हरिओमचा फोन आला.

"उज्वलाताई, ह्या सीझनला पाच लग्नं देतो तुमाला. पण एक वाईड लेन्स घ्याच. आता लग्नं लॉनवर व्हायलीत, स्टेज हे एवढं मोठं, अन् फोटोला एका वक्ताला चाळीस माणसं चढायलीत. तुमच्या जुन्या लेन्सनं कडंची मावशी कापली जाती, अन् नंतर तीच मावशी आपल्याला कापती."

उज्वला हसली. तिच्याकडे गेल्या हंगामातले पंधरा हजार बाजूला होते. बँकेतून काढून ती दुसऱ्या दिवशी नांदेडला गेली.

वजिराबादच्या मागच्या गल्लीत निजामोद्दीन चाचांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या लेन्सही विकायला असत. पुढं दुकान, मागं घर. दुकानाच्या पायरीला चाचांच्या बेगमची, रहमतबीची, पांढरी बकरी बांधलेली. गिऱ्हाईकाला आधी बकरीला ओलांडावं लागे.

चाचांनी तिच्यासमोर मऊ फडक्यावर दोन लेन्स ठेवल्या. एक आखूड आणि रुंद, जवळजवळ कोरी. साडेतेरा हजार. दुसरी लांबोडकी, लांबचं जवळ आणणारी, घासून घासून कडेचा रंग उडालेली. बारा हजार.

"बेटा, लग्नं करायची तर ही रुंदवाली घे," चाचा म्हणाले. "दोन सीझनमदी पैसे वसूल. ही लंबीवाली पक्षी बघणाऱ्या एका मास्तरची हाय. किनवटच्या जंगलात फिरलेली. काच एकदम साफ हाय, पण तुझ्या कामाची न्हाई."

"मी जनावरांचे बी काढते, चाचा."

"जनावर कुठं पळून जायलंय? जवळ जाऊन काढ की."

गोष्ट तिथंच संपायची. पैसे काढायला उज्वलानं पिशवीत हातही घातला होता. पण चाचांचा एक नियम होता. चालवून बघितल्याशिवाय ते लेन्स विकत नसत, म्हणजे नंतर गिऱ्हाईक येऊन डोकं खात नाही. त्यांनी दोन्ही लेन्स तिच्या हातात दिल्या आणि बकरीकडे बोट दाखवलं. "दोन्हीनं काढ. फकत बकरी दोन्ही फोटोत सारखीच मोठी यायला पाहिजे. तवाच फरक कळतंय."

रुंद लेन्स लावून उज्वला बकरीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर उकिडवी बसली. मग लांब लेन्स लावून समोरच्या फुटपाथवर गेली. दोन रिक्षा आणि एक पाणीपुरीचा गाडा जाऊ दिला, आणि तिथून काढला. दुकानात येऊन दोन्ही फोटो एकामागून एक बघितले.

चाचांनी चष्मा वर करून स्क्रीनवर मान घातली. "पहिल्या फोटोत तर ही गाभण दिसायली," ते म्हणाले. "रहमतबीला दाखवू नको, खारीक-खोबरं चालू करंल."

उज्वला हसली नाही. पहिल्या फोटोतल्या बकरीचं पोट ढोलासारखं होतं, खांदा केवढा तरी, पाय आखूड. दुसऱ्या फोटोत तीच बकरी, दारात उभी असलेली, रहमतबीच्या हातचं खाऊनही बेताचीच राहिलेली. तिनं आपली जुनी लेन्स लावली, होती तेवढी रुंद केली, आणि पुन्हा बकरीपाशी गेली. पुन्हा पोट फुगलं.

माणिकप्पाचा गोठा तिला आठवला. पाठीला भिंत, समोर दोन हातांवर गोऱ्हा, आणि त्याचं ते फोटोतून बाहेर येणारं वशिंड.

आबांची नजर गेली नव्हती. आबांना जे दाखवलं ते त्यांनी बरोबर बघितलं होतं. खोटं दाखवलं होतं तिनं. दोन महिने म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होती.

"काय झालं, बेटा?" चाचांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. आणि मग माणूस दुकानदार असूनही खरं बोलला. "लांबून तर तुझ्या जुन्या लेन्सनं बी काढता येतंय. पण बैल लहान यील. मोठा करून छापला की खूर कुठला अन् माती कुठली, कळणार न्हाई. तुझ्या वालिदला खूर बघायचा असंल तर ही लंबीवालीच पाहिजे. पण लग्नं जातील, हे बी सांगून ठेवतो."

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं. पण अंथरूण एक आणि पाय दोन दिशांना, असं झालं की काय करायचं, ते कुठल्या म्हणीत सांगितलेलं नाही. पाच लग्नं म्हणजे वर्षाची मीठ-मिरची. शिवशंकर काही बोलणार नाही, पण तो न बोलताही बरंच बोलतो. शिवाय आणखी एक भीती होती, आणि ती तिला चहा संपेपर्यंत सोडेना. लांबून काढलेला फोटो बघूनही आबा "घे"च म्हणाले तर? मग पैसेही गेले, लग्नंही गेली, आणि नजर गेली हेही खरं ठरलं.

तिनं लांब लेन्स घेतली. चाचांनी पाचशे कमी केले, आणि मास्तरची जुनी कातडी पिशवीही दिली.

बसमधूनच तिनं हरिओमला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लांबच्या लेन्सनं स्टेज कसं काढणार तुम्ही? लॉनच्या बाहेर उभ्या राहून?" मग म्हणाला, "दोन लग्नं ठेवतो तुमाला, नवरा-नवरीचे फोटो काढा. तीन दुसऱ्याला द्यावी लागतील." त्याचं चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माणिकप्पाकडे गेली. गोऱ्हा अजून दावणीलाच होता. देवणीचा माणूस टेम्पो रिकामा घेऊन गेला ही बातमी पंचक्रोशीत फिरल्यावर त्याला कोण विचारणार? ह्या वेळी माणिकप्पा तिच्याआधीच उठला. "चल, रानात नेऊन उभा करतो. आता दिष्ट लागायला ऱ्हायलंय काय त्याच्यात." तरीही जाताना त्यानं गोऱ्ह्याच्या मागच्या पायात काळा दोरा बांधलाच.

सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान होतं. उज्वलानं गोऱ्ह्यापासून वीस पावलं मोजली, आबांसारखीच, मोठमोठी. वळून बघितलं आणि कॅमेरा डोळ्याला न लावताच तिला कळलं. गोऱ्हा काही वाईट नव्हता. साधा होता. पण ज्याच्यासाठी दीडशे किलोमीटर टेम्पो न्यावा, असा नव्हता. तिनं फोटो काढला.

छापलेला कागद घेऊन ती सकाळी माहेरी आली. शेषेराव ओसरीवर बसले होते.

"आबा, एकाला गोऱ्हा घ्यायचाय. फोटो दिलाय त्यानं."

"माझ्याकडं कशाला आणलास?"

"ठिवते हितं. बघायचा तर बघा."

कागद तिनं ओसरीच्या कोनाड्यात उभा ठेवला आणि चहाच्या निमित्तानं आत गेली. चूल पेटवायची राहिली, ती दाराआडून बघत उभी राहिली. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण त्याहून भीती मोठी होती.

शेषेराव बराच वेळ भिंतीकडेच बघत होते. मग त्यांनी मान वळवली. पुन्हा फिरवली. साठ वर्षांची खोड अशी दोन महिन्यांत जाते थोडीच? काठी टेकत उठले, कोनाड्यापाशी गेले, आणि कागदाला हात न लावता उलट्या पावलांनी पाच-सहा पावलं मागं आले, अंगणाच्या पायरीपर्यंत. टोपी वर सरकवली.

उज्वलानं चहा ठेवला. कप घेऊन बाहेर आली तेव्हा ते परत बसले होते.

"नको," ते म्हणाले.

तिनं कप त्यांच्या हातात दिला आणि वाट बघितली. अर्धा कप झाल्यावर तिसरा शब्द आला, आणि त्याच्यामागून बाकीचे.

"पायावर उंच हाय. बरगडी चपटी. खांदा रिकामा हाय, वशिंड नुसतं दिसायला. गळ्याची पोळी तेवढी बरी लोंबती, पण पोळीला बघून कोण वळू घेतंय? खूर मातर चांगले हायेत, शेतीला चालंल. सांग त्याला, वळू म्हणून नको घेऊ." आणि मग, "कुणाचा हाय?"

"माणिकप्पाचा."

शेषेरावांनी कप खाली ठेवला. "त्याच्याकडं दुसरा बी गोऱ्हा हाय?"

"न्हाई, आबा. तोच हाय."

ती आत जाऊन पोळ्यानंतरचा तो कागद घेऊन आली आणि कोनाड्यात दोन्ही शेजारी ठेवले. मग तिनं सांगितलं. गोठा अरुंद होता, पाठीला भिंत होती, दोन हातांवरून काढला, जवळून काढला की पुढचं फुगतं आणि मागचं लहान होतं. हे तिला ठाऊक असायला हवं होतं, तिचा धंदाच आहे, पण लग्नातल्या माणसांचे फोटो काढताना कधी ध्यानात आलं नाही. "तुमची नजर गेली नव्हती, आबा. चूक माझी हाय. तुम्हाला दोन महिने मी भिंतीकडं बघत बसवलं." तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

शेषेराव दोन्ही फोटोंकडे बघत राहिले. उज्वलाला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तरी तिला चाललं असतं.

"साठ वरसं लोकाला सांगितलं," ते शेवटी म्हणाले, "बैल जवळून बघू नगा, भुलताल. अन् लेकीनं जवळून दाखवला तर कुठून काढलाय म्हणून इचारलं बी न्हाई मी. माझ्या पोरीनं काढलाय, एवढंच बघितलं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "चूक तुझी कशी? इचारायचं काम माझं व्हतं."

खाली ठेवलेला कप त्यांनी उचलून संपवला.

"गुंडप्पाला फोन लाव."

तिनं लावून दिला. गुंडप्पा पलीकडून "बोला मामा" म्हणाला, जरा जपूनच.

"गुंडप्पा, त्या येळंला मी चुकलो. नजर दमली न्हाई माझी. मी लई जवळून बघितला व्हता तो गोऱ्हा. तुझं डिझेल वाया गेलं, त्याचं मला वाईट वाटतंय. अजून घ्यायचा असंल तर कळव. आता आमच्याकडं वीस पावलांवरून फोटो निघतो. ह्या वक्ताला बघून सांगतो, मग टेम्पो काढ."

पलीकडून गुंडप्पा काय म्हणाला ते उज्वलाला ऐकू आलं नाही. पण आबा हसले, पोळ्यानंतर पहिल्यांदा. फोटो कुणी काढला होता आणि कसा, ह्याचा त्यांनी फोनवर शब्दसुद्धा काढला नव्हता, हे नंतर तिच्या ध्यानात आलं. गुंडप्पाच्या ग्रुपमध्ये दोनशे माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांची जनावरं उज्वलाच्या कॅमेऱ्यासमोर येत होती.

फोन ठेवून शेषेरावांनी आरशाकडे काठी दाखवली.

"ते पत्र काढ. येतो म्हणून लिही."

उज्वला पत्र आणि पेन घेऊन त्यांच्यापाशी बसली. पदरानं तोंड पुसून तिनं लिहायला सुरुवात केली.

"अन् हे बी लिही," आबा म्हणाले, "पंचांच्या खुर्च्या जनावरापासून लांब टाका म्हणावं. गेल्या साली लई जवळ टाकल्या व्हत्या."

"किती लांब लिहू?"

शेषेरावांनी तिच्याकडे बघितलं, एवढं शिकवूनही विचारते म्हणून. मग तिनं पुन्हा न विचारता "वीस पावलं" असं लिहिलं.